डोंग्यात बसली ती किती माणसे?

(द्वितीय वर्ष, कला)

"गोरेगावात राहून तू बोटीच्या उतारूंवर लिहिणार?" वार्षिकांकासाठी विषय सांगितला तेव्हा मैत्रिणी हसल्या. त्यांचे हसणे रास्तच होते. आपल्या तालुक्यात तलाव आहेत, बोड्या आहेत, धानाच्या बांध्या आहेत. समुद्र मात्र नाही. मी स्वतः अजून समुद्र पाहिलेला नाही. तरीही हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही, कारण तो समुद्राकडून माझ्याकडे आलेला नाही. तो आला वैनगंगेच्या घाटावरून, एका दिवसाच्या मोजदादीतून.

गेल्या वर्षी भूगोलाच्या प्रकल्पासाठी सरांनी सांगितले होते की वाहतुकीचे एखादे ठिकाण निवडा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेथे बसा आणि जे दिसेल ते मोजा. कोणी बसस्थानक घेतले, कोणी हिरडामालीचे रेल्वेस्टेशन घेतले. दिवाळीच्या सुट्टीत मी आईच्या माहेरी, तिरोडा तालुक्यात होते. मामांचे गाव नदीकाठी आहे. नदीच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे मध्यप्रदेश. मध्ये पूल नाही, डोंगा आहे. धानकापणीचे दिवस होते. मी वही-पेन घेऊन उजाडताच घाटावर जाऊन बसले. माणसे मोजण्यात काय कठीण आहे, असे मला वाटत होते.

पहिल्याच खेपेला माझी फजिती झाली. कापणीला निघालेल्या बायका विळे घेऊन डोंग्यात बसल्या. त्यांतल्या एकीच्या कडेवर तान्हे मूल होते. ते मोजायचे का? एक मुलगा सायकलसह चढला. एकाने शेळी आणली. शिवाय डोंगा वल्हवणारे नावाडीमामा आणि त्यांचा हाताखालचा पोरगा. हे दोघे उतारू की नाहीत? मी तान्ह्या मुलाची रेघ ओढताना पाहून नावाडीमामा म्हणाले, "लेकराले कायले मोजतेस वं पोरी? त्याचा पैसा थोडाच लागते!"

पैशाची गोष्टही सरळ नव्हती. गावातल्या कुटुंबांकडून नावाडीमामा रोजचा पैसा घेतच नाहीत. खळ्यावर धान आले की प्रत्येक घर ठरलेले धान त्यांना देते. वर्षभराची ये-जा त्यातच आली. रोख पैसे देतो तो बाहेरगावचा पाहुणा. म्हणजे गल्ल्यातल्या पैशावरून हिशेब लावला असता, तर घाटावर रोज ये-जा करणारी माणसे नाहीशी झाली असती आणि कधीमधी येणारे तेवढे उरले असते.

संध्याकाळी त्याच बायका परत आल्या. मी पुन्हा रेघा ओढल्या आणि रात्री कंदिलासारख्या मंद दिव्याखाली बेरीज करताना माझ्या ध्यानात आले की माझ्याजवळ दोन आकडे आहेत. एक खेपांचा, एक माणसांचा. पहिला दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. सुट्टी संपल्यावर मी सरांना विचारले, "यांतला खरा कोणता?" सर म्हणाले, "तू कशासाठी मोजलेस, त्यावर ते अवलंबून आहे." त्या वेळी मला वाटले, सरांनी प्रश्न टाळला. आज वाटते की या विषयातले पहिले वाक्य तेच आहे.

पुढे वाचनालयात आणि इतरत्र शोधता शोधता असे दिसले की वैनगंगेच्या घाटावर मला पडलेले प्रश्न जगातल्या मोठमोठ्या बंदरांनाही पडलेले आहेत, आणि त्यांनी त्यांची उत्तरे लेखी ठरवून टाकली आहेत. युरोपीय संघाचे सांख्यिकी कार्यालय, म्हणजे युरोस्टॅट, समुद्रमार्गाच्या उतारूंची आकडेवारी २००९ च्या एका निर्देशानुसार गोळा करते. त्यात उतारू कोण हे सांगितलेले आहे. व्यापारी जहाजातून समुद्रप्रवास करणारी कोणतीही व्यक्ती म्हणजे उतारू. परंतु जहाजावर नेमलेले नोकर उतारू नव्हेत, आणि कडेवरची तान्ही मुलेही नव्हेत. हे वाचून मला नावाडीमामांची आठवण झाली. युरोपातल्या विद्वानांनी आणि त्यांनी एकच निकाल दिला होता.

खेप आणि माणूस यांचाही तिढा तेथे आहेच. तिथे बंदर मोजते ते चढणारे आणि उतरणारे. हेलसिंकीला बोटीत चढून टालिनला उतरणारा माणूस एकच. पण हेलसिंकीच्या वहीत तो चढणारा म्हणून येतो आणि टालिनच्या वहीत उतरणारा म्हणून. दोन्ही वह्यांची नुसती बेरीज केली तर एकाचे दोन होतात. म्हणून सबंध संघाचा आकडा काढताना युरोस्टॅट ही दुहेरी मोजणी वजा करते. वर्षाला दोन लाखांहून अधिक उतारूंची ये-जा होणाऱ्या, किंवा तितक्याच मोठ्या मालवाहतुकीच्या, बंदरांनाच सविस्तर माहिती द्यावी लागते. लहान बंदरांची माहिती त्रोटक असते. हा शेवटचा नियम ध्यानात ठेवावा, कारण लहानांची गोष्ट पुढे यायची आहे.

क्रूझचा, म्हणजे सहलीच्या मोठ्या बोटीचा, मामला आणखी निराळा. फेरीबोटीतला माणूस कोठेतरी जायला निघालेला असतो. क्रूझमधल्या माणसाला कोठे जायचे नसतेच; तो जेथून निघतो तेथेच बहुधा परत येतो. मुंबईहून निघालेली क्रूझ गोव्याला मुरगाव बंदरात थांबते, माणसे दिवसभर देवळे-चर्च पाहतात, संध्याकाळी बोटीवर येऊन झोपतात. ही माणसे गोव्याचे पर्यटक म्हणायची काय? १९६३ साली रोम येथे संयुक्त राष्ट्रांची प्रवास व पर्यटन परिषद भरली होती. तिने निदान चोवीस तास थांबणाऱ्यास पर्यटक म्हटले, आणि त्याहून कमी थांबणाऱ्यास, क्रूझच्या प्रवाशांसह, सहलकरी असे निराळे नाव दिले. आजची कसोटी ही, की माणूस निजतो कोठे. जमिनीवरच्या बिछान्यावर निजला तर पर्यटक, बोटीवर निजला तर एका दिवसाचा पाहुणा. युरोपची आकडेवारीही क्रूझचे दोन भाग करते: ज्या बंदरात माणसाची सहल सुरू झाली वा संपली तेथला उतारू वेगळा, आणि मधल्या बंदरात घटकाभर उतरून पुन्हा चढला तो वेगळा. असे केले नाही तर चार बंदरे पाहणारा एक हौशी गृहस्थ कागदावर चार गृहस्थ होतो.

हे सगळे काथ्याकूट वाटेल. पण ३० सप्टेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मुंबई बंदरातून 'क्रूझ भारत मिशन' सुरू केले आणि २०२९ पर्यंत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे ध्येय सांगितले. दुप्पट करायचे म्हटले की पहिला प्रश्न येतो, कशाच्या दुप्पट? माणसांच्या, की चढण्या-उतरण्यांच्या? बोटीने वाटेत एक बंदर जास्त घेतले तर एकही नवा माणूस न येता चढण्या-उतरण्या वाढतील. मोजायची पट्टी बदलली की मोजलेली वस्तू बदललीशी वाटते, याचे उदाहरण आपल्या देशाचा किनाराच आहे. आम्ही शाळेत भारताचा किनारा सुमारे ७,५१६ किलोमीटर असे पाठ केले. तो नव्या पद्धतीने मोजल्यावर ११,०९८ किलोमीटर भरला. त्यात समुद्राने काही केले नाही. किनाऱ्याची वळणे बारकाईने मोजली एवढेच.

आपल्या राज्यातले सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण घारापुरीचे. गेटवे ऑफ इंडियापासून लाँचने घारापुरीला जायचे, लेणी पाहायची, परत यायचे. या एकाच सहलीचे तीन आकडे होतात. लाँचवाला जाण्यायेण्याचे एक तिकीट फाडतो, त्याला एक माणूस म्हणा की दोन खेपा म्हणा. घारापुरीची ग्रामपंचायत येणाऱ्याकडून आपला कर घेते, तिचा आकडा वेगळा. पुरातत्त्व खाते लेण्यांचे तिकीट देते. पण पंधरा वर्षांखालील मुलांना तेथे तिकीट नाही. शाळेची सहल गेली तर बोट भरून जाते आणि लेण्यांच्या तिकिटांत शिक्षक तेवढे दिसतात! यात खोटे कोणीच बोलत नाही. ज्याला ज्याचा पैसा मिळतो, तो ते मोजतो.

येथवर माझा प्रश्न नुसता हिशेबाचा होता. पण बोट बुडते तेव्हा तो हिशेबाचा राहत नाही.

१७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या दिवशी, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणातल्या घराघरात ही आठवण आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची वेगवान बोट येऊन धडकली. त्या संध्याकाळी बोटीवर किती माणसे होती याचा आकडा तासातासाला बदलत होता. परवाना ८४ उतारू व ६ खलाशी यांचा होता; बचावलेल्यांची आणि मृतांची मोजदाद शंभराच्या पुढे गेली. शोध कधी थांबवायचा हे ठरवण्यासाठीही आधी माहीत असावे लागते की एकूण किती जण होते. तो आकडा धक्क्यावर लिहून ठेवलेला नसेल तर तो पाण्यातून काढावा लागतो.

परदेशातली उदाहरणे याहून भयंकर आहेत. २० डिसेंबर १९८७ रोजी फिलिपिन्समध्ये 'दोन्या पाझ' नावाची फेरीबोट एका तेलवाहू जहाजावर आदळून जळाली. तिच्या यादीत दीड हजारांच्या आसपास उतारू होते. पुढे वर्षानुवर्षे नातेवाईक येत राहिले आणि मृतांचा आकडा चार हजारांच्या वर गेला. २६ सप्टेंबर २००२ रोजी सेनेगलची 'ल जूला' बोट बुडाली. ती सहाशेहून कमी माणसांसाठी बांधलेली होती. मृतांचा सरकारी आकडा १,८६३ आहे. तिकिटे मात्र हजाराच्या आसपासच विकली गेली होती. पाच वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नसे, आणि कित्येकांना फुकट नेले जाई. तान्ह्या लेकराचा पैसा लागत नाही, म्हणून ते मोजायचे नाही, हा नियम किती महाग पडू शकतो ते येथे दिसते.

म्हणूनच सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारात, ज्याला सोलास म्हणतात, निराळा नियम आहे. बोट सुटण्यापूर्वी तिच्यावरील सर्व व्यक्ती मोजल्या पाहिजेत. येथे 'उतारू' असा शब्द नाही, 'व्यक्ती' असा आहे. तान्हे मूल आले, खलाशी आले, फुकट बसलेला पाहुणाही आला. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. व्यापाराची मोजणी भाडे देणाऱ्याला ओळखते, जीव वाचवण्याची मोजणी श्वास घेणाऱ्याला ओळखते. दोन्हींची गरज आहे, पण एकीचे काम दुसरीकडून करून घेता येत नाही. सरांचे वाक्य मला येथे कळले.

आता आपल्या नदीकडे येऊ. महाराष्ट्रात १९९६ साली सागरी मंडळ स्थापन झाले. राज्याच्या आर्थिक पाहणीत जलमार्गाने गेलेल्या उतारूंचे वार्षिक आकडे छापून येतात, आणि ते कोटीच्या वर असतात. ते आकडे किनाऱ्यावरचे, खाड्यांचे. माझ्या मामांच्या घाटावर चढलेल्या बायका त्यात नाहीत. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात १११ जलमार्ग आहेत, आणि त्यांत वैनगंगा-प्राणहिता हे नावही आहे. नदी कायद्यात आली. नदी ओलांडणारा मात्र कोठेच आला नाही.

जनगणनेत तरी ही माणसे सापडतील असे मला वाटले होते. २०११ च्या जनगणनेत कामावर कसे जाता, हे विचारले होते. पायी, सायकलने, बसने, रेल्वेने, आणि 'जलवाहतुकीने' असाही एक रकाना होता. तो रकाना पाहून मला आनंद झाला. पण ते तक्ते 'इतर कामगारां'चे आहेत. शेतकरी आणि शेतमजूर त्यात नाहीत. म्हणजे नोकरीसाठी लाँचने जाणारा कारकून मोजला गेला. कापणीसाठी डोंग्याने जाणारी मजूर बाई नाही. जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यात मिरची तोडायला निघालेल्या बायकांचा डोंगा याच वैनगंगेत उलटला आणि त्यांतल्या कित्येक जणी बुडाल्या. त्या दिवशी त्यांची गणती झाली. त्याआधीच्या शेकडो सकाळी त्या नदी ओलांडून गेल्या असतील, तेव्हा त्या कोणत्याही आकड्यात नव्हत्या.

याचा व्यवहारात काय परिणाम होतो, हे मी मामांच्या गावी ऐकले आहे. पुलाची मागणी घेऊन गावकरी एका कार्यालयात गेले होते. तेथे त्यांना विचारण्यात आले, "या मार्गावर वाहनांची वर्दळ किती आहे?" रस्त्यावर माणसे बसवून वाहने मोजतात, त्यावरून रस्त्यांची आणि पुलांची निकड ठरते, ही पद्धत योग्यच आहे. परंतु जेथे पूलच नाही तेथे वाहन येणार कोठून? पूल नाही म्हणून वाहने नाहीत, वाहने नाहीत म्हणून पूल नाही. गावकरी गप्प बसले, कारण सांगायला त्यांच्याजवळ आकडा नव्हता. "खूप लोक जातात साहेब," एवढेच ते म्हणू शकले. 'खूप' हा शब्द कोणत्याही रकान्यात बसत नाही.

याची दुसरी बाजू मी दडवून ठेवत नाही, कारण ती मला नावाडीमामांनीच दाखवली. दुपारी डोंगा रिकामा असताना त्यांनी विचारले, "हे लिहून कोणाले देशील?" त्यांच्या आवाजात भीती होती. ती खोटी म्हणता येत नाही. इंग्रजांनी १८७८ साली उत्तर हिंदुस्थानच्या फेऱ्यांचा जो कायदा केला, तो मध्यप्रांतालाही लागू होता. त्यात घाटाच्या उतराईचा लिलाव करण्याची सोय होती. सरकारने घाट मोजला तो वसुलीसाठी. गरिबाच्या अनुभवात वही आली की तिच्यामागून कर येतो, परवाना येतो, कधी बंदीच येते. उद्या कोणी साहेबाने माझी वही पाहून 'डोंगा धोक्याचा आहे, बंद करा' असे म्हटले, तर नावाडीमामांचे धान जाईल आणि बायकांची मजुरीही. मोजणे ही नेहमीच उपकाराची गोष्ट नसते, हे आपण सुशिक्षितांनी विसरू नये.

तरीसुद्धा न मोजण्यापेक्षा मोजणे बरे, असे माझे मत आहे. न मोजलेल्या माणसाला कर लागत नाही हे खरे. पण त्याला पूल, तराफा, जॅकेट, विमा यांतलेही काही मिळत नाही. मोजणी कोणाच्या हातात असावी आणि कशासाठी असावी, हा खरा वाद आहे. यासाठी एक दार उघडे आहे. २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्यात यंत्राविना चालणाऱ्या नावांची, म्हणजे आपल्या डोंग्यांची, नोंद जिल्हा, तालुका वा ग्रामपंचायतीच्या पातळीवर ठेवण्याची तरतूद आहे. घाटाची वही ग्रामपंचायतीत राहू शकते. तिच्यात तीन रकाने पुरेत: डोंगा किती खेपा करतो, एका दिवशी वेगवेगळी माणसे किती जातात, आणि प्रत्येक खेपेला डोंग्यात जीव किती असतात. पहिला रकाना नावाड्याच्या मेहनतीसाठी, दुसरा पुलाच्या मागणीसाठी, तिसरा बुडणाऱ्यांसाठी. तिसऱ्यात कडेवरचे लेकरूही मोजायचे. आणि २०२७ च्या जनगणनेचे तक्ते करणाऱ्यांनी शेतमजूर कामावर कसा जातो हाही प्रश्न विचारात घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

मित्रमैत्रिणींनो, आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. आमच्या घरी आकडे होते, पण ते कोणीतरी दुसऱ्याने लिहिलेले: सोसायटीच्या पुस्तकातले, रेशनकार्डावरचे, सातबाऱ्यावरचे. आपल्याविषयीचा आकडा आपणही लिहू शकतो, हे मला त्या घाटावर प्रथम कळले. आपल्या वर्गात वैनगंगेकाठची, बाघ नदीकाठची, तलावापलीकडच्या टोल्यांवरची मुले-मुली आहेत. प्रत्येकाने येत्या सुट्टीत आपल्या घाटावर एक दिवस बसावे. प्राध्यापकांना माझी विनंती आहे की या वह्या प्रकल्पाचे गुण दिल्यावर कपाटात न टाकता त्या त्या ग्रामपंचायतीला एकेक प्रत द्यावी. गोरेगावचे कॉलेज समुद्रापासून फार दूर आहे, पण बोटीत बसणाऱ्या माणसांपासून नाही.

माझी ती वही मी अजून ठेवली आहे. तान्ह्या मुलाची रेघ नावाडीमामांच्या बोलण्यावरून मी खोडली होती. हा लेख लिहायला बसण्यापूर्वी ती पुन्हा ओढली.